आकडे जुळले, पुढे काय?

मंडळी, सावर्ड्यात बसून जुन्या जर्मन पिस्तुलांवर बोलायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. पण विषय वाटतो तितका लांबचा नाही.

ल्युगर विकत घेणारा संग्राहक आधी काय बघतो? सुट्या भागांवरचे आकडे. जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेल्या या पिस्तुलाच्या बहुतेक भागांवर क्रमांक ठोकलेला असतो. सगळे जुळले तर किंमत चढते, एखादा भाग बदललेला निघाला की उतरते. थीसिअसच्या जहाजाचा जुना प्रश्न बाजाराने असा सोडवला: अस्सल म्हणजे आकडे जुळणं! या नजरेतली बारकाई आम्ही मानतो. पण पिस्तूल कुणाच्या हातात होतं, कुणावर रोखलं गेलं, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

१९१४च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं पळवली, ती काही संग्रहासाठी नव्हे. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात जन्मलेल्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात जॅक्सनवर ब्राउनिंग झाडलं. चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तिथे पिस्तुलाची बनावट गौण ठरते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही सहसा दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलं धरून. म्हणजे निवड करावीच लागते. ती करताना आकड्यांबरोबर आजोबांची हकिगतही लिहून ठेवा, एवढंच आमचं मागणं. अडचणीची असली तरी लिहा.