२.३३ मिलिमीटरची थट्टा

१९५२ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या एका चिमुकल्या रेल्वेवर एक पाद्री हौसेनं गार्डाचं काम करत होते. एका फेरीला त्यांनी नेहमीसारखी गाडी सोडली आणि प्रवाशांना चहा-खाणं देणारी बाई, जिला त्याच गाडीनं परत यायचं होतं, ती मागे स्टेशनावरच राहिली. पाद्रींचं नाव रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री. लहानपणी टीव्हीवर निळं, गोल तोंडाचं थॉमस इंजिन पाहिलं असेल, तर तुम्ही यांना ओळखता. थॉमस त्यांचाच.

तीन वर्षांनी 'फोर लिटल इंजिन्स' या पुस्तकात त्यांनी ही फजिती गोष्ट म्हणून लिहून टाकली. गोष्टीत पीटर सॅम नावाचं छोटं इंजिन चहावालीला सोडून पळतं. का? तर मोठ्या लाइनवरच्या हेन्रीनं त्याला दम दिलेला असतो, की उशीर केलास तर तुझ्या प्रवाशांसाठी मी थांबणार नाही. चहावाली धापा टाकत गाडी गाठते आणि सांगते की अरे, हेन्रीला थांबावंच लागतं, तसा नियमच आहे. हेन्री नुसती चेष्टा करत होता.

म्हणजे गाढवपणा गार्डाचा आणि पुस्तकात पळालं इंजिन! पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चेष्टा जो करतो त्याला माहीत असतं की ही चेष्टा आहे. ज्याची होते त्याला ते कळेपर्यंत कुणीतरी फलाटावर राहून गेलेलं असतं.

गेले काही महिने मी ब्रिटिश रेल्वेवेड्यांची आणि कालवावेड्यांची पुस्तकं वाचतोय. या दोन जमाती एकमेकांची सतत खेचत असतात आणि त्याहून जास्त स्वतःची. मराठीत या प्रकाराला शब्द भरपूर आहेत: टिंगल, टवाळी, चेष्टा, थट्टा, मस्करी. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. टिंगल दुसऱ्याची होते, आणि तो दुसरा बहुधा तिथे हजर नसतो. थट्टा समोरासमोर होते, आणि करणाऱ्याला माहीत असतं की पुढचा नंबर आपला. या पुस्तकांमधलं कुठलं हसू थट्टेचं आणि कुठलं टिंगलीचं, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी कालव्याबद्दल थोडं. आपल्याकडे कालवा म्हटलं की उसाला पाणी, पाटबंधारे खातं, आवर्तन कधी सुटणार याची भांडणं. ब्रिटनचा हा कालवा म्हणजे पाण्याचा रस्ता. त्यावरून ७० फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद होड्या कोळसा वाहायच्या. मग रेल्वे आली. १९ व्या शतकात रेल्वे कंपन्यांनी बरेच कालवे चक्क विकत घेतले आणि त्यातले कित्येक दुर्लक्ष करून मारले. पुढे ट्रक आणि मोटारींनी रेल्वेचंही तेच केलं. भावबंदकीत वाटणीचं शेत तिसऱ्यानंच नेलं, की मग दोन्ही भाऊ एका ओट्यावर बसून जुन्या भांडणाच्या गोष्टी रंगवून सांगतात ना, तशी ही दोस्ती आहे.

हे शब्दांतसुद्धा दिसतं. कालव्याकाठी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या नुसत्या बघत बसणाऱ्या रिकामटेकड्याला तिकडे 'गाँगूझलर' म्हणतात. शब्द होडीवाल्यांचा, पण १९०४ साली तो छापला गेला 'ब्रॅडशॉ'च्या कालवा-मार्गदर्शकात. आणि ब्रॅडशॉ हे नाव कशासाठी प्रसिद्ध? रेल्वेच्या वेळापत्रकांसाठी! कालववाल्यांची शिवी रेल्वेवाल्यांच्या छापखान्यातून बाहेर आली. रेल्वेच्या बाजूला 'रिव्हेट काउंटर' आहे, म्हणजे मॉडेल इंजिनावरचे रिव्हेट मोजून चूक काढणारा. हे शब्द आज लोक स्वतःबद्दल हसत हसत वापरतात.

आता ते २.३३ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये घरातल्या टेबलावर जी रेल्वे मांडतात, तिचं सगळ्यात लोकप्रिय माप 'डबल ओ'. त्यात खऱ्या १ फुटाला ४ मिलिमीटर धरतात. या हिशेबानं ४ फूट साडेआठ इंचांचा खरा रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद हवा. प्रत्यक्षात असतो १६.५. कारण साधं आहे. ब्रिटिश इंजिनं अंगानं बारकी, आणि त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून इंजिन जरा मोठं केलं आणि रूळ युरोपातल्या लहान मापाचेच ठेवले. परिणाम असा, की टेबलावरच्या प्रत्येक गाडीचे पाय जरा जवळ आलेले दिसतात, नवी चप्पल चावत असल्यासारखे. काही लोक हे सहन करतात. काहींना ते सहन होत नाही, म्हणून ते बरोब्बर १८.८३ चे रूळ हातानं बनवतात. त्यात आयुष्यं जातात. सहन करणारे आणि न करणारे मात्र एकाच प्रदर्शनात शेजारी शेजारी टेबलं लावतात, आणि शेजाऱ्याची खेचल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नाही. माझ्या मते इथे थट्टा वंगणाचं काम करते. ती नसती, तर २.३३ मिलिमीटरवरून दोन पंथ कधीच वेगळे झाले असते. आपल्याकडे याहून कमी अंतरावरून साहित्य संस्था फुटलेल्या आहेत.

कालवेही या टेबलांवर असतातच. सोपं काम, पाणी वाहत नाही, वॉर्निशचे चार हात दिले की झालं. पण ७० फुटांची होडी या मापात २८ सेंटिमीटर होते, रेल्वेच्या डब्याहून लांब. आणि होडीला ताशी ४ मैलांच्या वर जायची परवानगी नाही, म्हणजे टेबलावर सेकंदाला साधारण २.३५ सेंटिमीटर. एवढ्या हळू चालवायचा खटाटोप बहुतेक जण करत नाहीत. त्यामुळे गाडी गोल गोल फिरत राहते आणि होडी कायमची उभी. होडीवरचा माणूस? दोन सेंटिमीटरचा प्लास्टिकचा, हात सुकाणूवर चिकटवलेला. त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बघत राहतो, कारण पुस्तकांमध्येही त्याची तीच गत झाली आहे.

एल. टी. सी. रोल्ट हे नाव या दोन्ही जमातींत देवघरात असल्यासारखं आहे. शिक्षणानं इंजिनिअर. १९३९ साली बायकोसोबत 'क्रेसी' नावाच्या होडीतून इंग्लंडच्या कालव्यांवरून निघाला, आणि १९४४ मध्ये 'नॅरो बोट' हे पुस्तक आलं. या एका पुस्तकानं कालवे वाचवायची चळवळ उभी राहिली, १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन निघाली. पुस्तक सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्यातल्या होडीवाल्यांकडे बघण्याची नजर मला खटकते. ती नजर भक्ताची आहे. पालखीच्या वाटेवर उभं राहून वारकऱ्यांच्या भेगाळल्या टाचांचं वर्णन करणाऱ्या शहरी लेखकाची. खरी होडीवाली कुटुंबं मागच्या १० फुटांहूनही लहान केबिनमध्ये मुलाबाळांसकट राहायची, कारण उरलेली होडी मालाची. रोल्टकडे अख्खी होडी दोघांना, आणि आत आंघोळीचा टब. तो त्यांची थट्टा करूच शकत नाही, कारण उलटून त्यांनी त्याची केली, तर या टबाचं काय उत्तर देणार? गाँगूझलर हा शब्द वाचकांमध्ये रुळवला तोही याच पुस्तकानं. रोल्ट स्वतः काठावर नव्हता, पाण्यात होता. तरी त्याची नजर काठावरचीच राहते.

याच्या शेजारी एमा स्मिथचं 'मेडन्स ट्रिप' (१९४८) ठेवा. महायुद्धात पुरुष कमी पडले म्हणून काही तरुण मुलींना मालवाहू होड्यांवर घेतलं. त्यांच्या बिल्ल्यावर 'आय डब्ल्यू' अशी अक्षरं होती, इनलँड वॉटरवेजची. लोकांनी त्याचा अर्थ लावला 'आयडल विमेन', म्हणजे ऐदी बायका. ज्या लंडनहून बर्मिंगहॅमला पोलाद आणि परत येताना कोळसा नेत होत्या, त्या ऐदी! सुरुवात टिंगलीची होती. पण सुझन वुलफिट नावाच्या त्यांच्यातल्याच एकीनं १९४७ साली आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं, आणि टिंगलीची थट्टा झाली. एमा स्मिथच्या पुस्तकात तीन मुली चुकतात, होडी गाळात रुतवतात, चिडतात, उपाशी झोपतात. होडीवाले त्यांना हसतात आणि त्या होडीवाल्यांना. कोणीही संत नाही. म्हणून ही माणसं मला जिवंत वाटतात. कालव्यावरचं विनोदी पुस्तक कुठलं वाचू, असं विचाराल तर मी हेच सांगेन, 'नॅरो बोट' नंतर वाचा.

रोल्टला विनोद जमत नव्हता असं नाही. १९५० मध्ये तालिलिन रेल्वेचे (खरा वेल्श उच्चार माझ्या जिभेला झेपत नाही) म्हातारे मालक वारले. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी बांधलेली ही २ फूट ३ इंचांची लाइन बंदच पडणार होती. बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा झाली, आणि १४ मे १९५१ ला हौशी लोकांनी तिच्यावर पहिली गाडी सोडली. हौशींनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे. रोल्ट तिचा मॅनेजर. त्यावरचं 'रेल्वे ॲडव्हेंचर' (१९५३) वाचताना वाटतं, हा दुसराच माणूस आहे. रूळ गवतात बुडालेले, चालू इंजिन एकच. मदतीला शेजारच्या बंद पडलेल्या लाइनवरची दोन इंजिनं आणली. त्यातल्या एकाची चाकं अरुंद, आणि इथले जुने रूळ जरासे फाकलेले, त्यामुळे ते इंजिन रुळांच्या मधोमध बदकन खाली बसायचं. (मिलिमीटरचं भांडण खऱ्या रेल्वेतही असतं ते असं.) इथे रोल्ट मनमोकळा हसतो, कारण इंजिन त्याचं, रूळ त्याचे आणि ते जॅकनं उचलायचं कामही त्याचंच. हाताला ग्रीस लागल्यावर त्याला हसायचा हक्क मिळाला.

पण इथे मला माझीच फूटपट्टी थोडी वाकवावी लागते. त्याच १९५१ मध्ये रोल्ट स्वतः काढलेल्या कालवा संघटनेतून बाहेर पडला, खरं म्हणजे काढला गेला. दुसरा संस्थापक रॉबर्ट एकमन म्हणत होता, सगळेच्या सगळे कालवे वाचवा. रोल्टचं म्हणणं होतं की आधी ज्यांवर अजून माल चालतो ते वाचवा, कारण त्यांवर माणसं जगतात. मजेची गोष्ट अशी, की दोघंही भुताच्या कथा लिहायचे, दोघांच्याही चांगल्या आहेत. पण एकमेकांची थट्टा करायची वेळ निघून गेली होती. तेव्हा 'नॅरो बोट'मधली ती भक्ती मला कितीही अवघडवाणी वाटो, तिची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा रोल्टनं ती मोजली. जिंकला मात्र एकमन. कालवे मोठ्या संख्येनं वाचले, सुट्टीच्या होड्यांसाठी. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, आणि त्यानंतर नॅरो बोटींवरची नियमित मालवाहतूक जवळपास संपली. होड्या राहिल्या, केबिनवरची गुलाबांची आणि किल्ल्यांची रंगीत चित्रंही राहिली. कुटुंबं गेली.

'द टिटफील्ड थंडरबोल्ट' (१९५३) हा सिनेमा तालिलिनवरूनच सुचलेला. गावची लाइन बंद होणार, म्हणून गावकरीच ती चालवतात. पैसे देणारा श्रीमंत गृहस्थ एवढ्यासाठीच देतो, की धावत्या गाडीतला बार सकाळी उघडता येईल. मी खूप हसलो, लपवत नाही. पण यात हसू सगळं एका बाजूनं आहे: बसवाले लुच्चे, सरकारी माणसं बावळट. ही टिंगल आहे, गोड चालीत बांधलेली. शूटिंग झालं बाथजवळच्या ज्या बंद लाइनवर, ती काही भागात एका मेलेल्या कोळसा-कालव्याच्या पात्रावर घातलेली होती. पडद्यावर रेल्वेला बस मारते म्हणून आपण हळहळतो, त्या वेळी खाली रेल्वेनं झाकलेला कालवा असतो. हे पडद्यावर कुणी सांगत नाही. त्या सिनेमात एखादा कालववाला घुसवायला हवा होता, एकच टोमणा मारायला.

आणि आता बार्शी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, अडीच फुटी. कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूरकडच्या घरांत त्या गाडीच्या गोष्टी अजून निघतात. हेच डिझाइन घेऊन कॅलथ्रॉप मायदेशी गेला आणि १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची ८ मैलांची लाइन उभी राहिली. इंजिनांच्या कपाळावर मोठाले दिवे, सोलापूरच्या माळरानावर शोभतील असे, आणि आजूबाजूला इंग्लंडची हिरवी दरी. मोठ्या रेल्वेचे डबे ती आपल्या पाठीवर घेऊन जायची. १९३४ मध्ये बंद पडली, आता तिथे पायवाट आहे. मॉडेलवाल्यांची ती फार लाडकी. आमची ब्रॉडगेज झाली, त्यांची टेबलावर राहिली.

पण टेबलावर ४ मिलिमीटरच्या हिशेबात अडीच फुटांचे होतात १० मिलिमीटर, आणि बाजारात तयार मिळणारा रूळ आहे ९ चा. तालिलिन २ फूट ३ इंच, म्हणजे बरोब्बर ९. तिचं सगळं जुळतं. बार्शीच्या इंग्रज भावंडाला १ मिलिमीटर कमी पडतो, आणि त्यावरून शेजारच्या टेबलावरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून काहीतरी बोलणारच.