दप्तर वाचवायचं तर आधी भिंत बघा

माझी पीएचडी सच्छिद्र पदार्थांतल्या ओलाव्यावर आहे. म्हणजे वीट, चुना, कागद यांच्यात पाणी शिरतं कसं आणि बाहेर कसं पडतं. "पण याचा उपयोग काय?" हे घरी दर दिवाळीत विचारलं जातं. यंदाचं उत्तर मोडी कागदांचं आहे.

गावोगावच्या इतिहास मंडळांनी आपल्याकडे केवढं काम करून ठेवलंय! पुण्यात १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले, तर त्यांच्या संग्रहासाठी तिथे लगेच संशोधन मंडळ उभं राहिलं. सरकार करील म्हणून ही माणसं थांबली नाहीत. म्हणून खालची तक्रार आदराने वाचा.

तक्रार अशी: आजकाल जतन म्हणजे स्कॅनिंग आणि एसी, एवढंच समजलं जातं. देणगीदाराला दाखवायलाही तेच सोपं. स्कॅनिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने मजकूर वाचतो, कागद नाही.

एसीचं गणित मात्र जरा सविस्तर बघू. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश येतो. दिवसभर एसी चालवून खोली २४ अंशांवर आणली आणि संध्याकाळी बटण बंद करून सगळे घरी गेले, की बाहेरची हवा फटींतून आत येते. लोखंडी कपाट अजून २४ अंशांवरच असतं, म्हणजे दवबिंदूच्या खाली. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसं पाणी सुटतं, तसंच कपाटाला सुटतं. हे रोज. बिलाला घाबरून अर्धवेळ चालवलेला एसी नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोडी कागदांना पाण्याची भीती जास्तच. युरोपातली जुनी लोह-मायफळाची शाई आम्लामुळे स्वतःच कागद खाते. आपली काजळाची शाई त्या बाबतीत गरीब, शतकानुशतकं काळी राहते. पण ती डिंकात खललेली असते, आणि डिंक पाण्यात विरघळतो. शिवाय आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचं फावतं.

आता भिंत. एका तालुक्याच्या गावी मंडळाच्या जुन्या वाड्यात गेले होते. दगड-विटांची जाड भिंत, मूळचा चुन्याचा गिलावा. अलीकडे "मजबुतीसाठी" बाहेरून सिमेंट आणि वर ऑइल पेंट. चुन्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते खरी, पण ते हवेत सोडूनही देते. बाहेरची बाजू अशी बंद केली की पाणी भिंतीत वर चढतं आणि आतल्या बाजूने निघतं. आत भिंतीला चिकटून काय होतं? दप्तराची कपाटं. मागचे गठ्ठे हाताला गार लागत होते.

त्यातून जुने सुती रुमाल सोडून कागद प्लास्टिकच्या डब्यांत भरलेले. सुती कापड थोडा ओलावा स्वतः शोषतं, मग सोडतं. दमट दिवसात बंद केलेल्या डब्यातला ओलावा तिथेच कोंडतो. आजोबांच्या पिढीने रुमालात वेखंडाची पुरचुंडी टाकून बांधलेलं दप्तर प्रयोगशाळेच्या भाषेत बरंच शहाणपणाचं होतं.

तिथल्या काकांना मी म्हटलं, "आधी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पागोळ्या भिंतीवर पडतात तिथे पन्हळ लावा, बाहेरचं सिमेंट सावकाश काढू." काका म्हणाले, "ताई, पन्हळीवर कोणी देणगीदाराचं नाव लावत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपाटं मात्र आम्ही दोघांनी त्याच दुपारी ओढली. एक आर्द्रतामापक कपाटामागे ठेवलाय, एक खोलीच्या मधोमध. काका रोज दोनदा वहीत आकडे लिहितात. जुलै-ऑगस्टची नोंद हातात आली की आलेख इथेच टाकते.