नकाराचा कागद

नगर आणि तुरुंगवास म्हटले की आपल्याला १९४२ चा किल्ला आणि तेथे स्थानबद्ध असलेले नेहरू, आझाद आठवतात. त्याआधीची तीन वर्षे जुनी छावणी क्वचितच आठवते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना शत्रुदेशीय ठरवून नगरला आणले गेले. पुढे तिबेटवरील पुस्तकामुळे गाजलेला, एसएसचा सभासद हाइनरिश हारर तेथे होता; आणि हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही त्याच छावणीत होते. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली. मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनने रदबदली केली. पुष्कळ जण सुटले, काहींना १९४० मध्ये पुन्हा धरले. सुटका झाली, पण ती हक्काने नव्हे, मेहेरबानीने.

निर्वासितांविषयीच्या निकालांवर लिहिताना आपण न्यायालय दयाळू होते की कठोर, एवढेच पाहतो. माझ्या मते पाहायला हवे ते वेगळेच: न्यायालयापुढे तपासण्याजोगा कागद होता का?

ऑस्ट्रेलियात संरक्षण व्हिसा नाकारताना कारणे लिहावी लागतात. त्यावर न्यायाधिकरण आणि नंतर न्यायालय. न्यायालय स्वतः व्हिसा देत नाही. निर्णय कायद्याच्या चौकटीत झाला का, एवढेच तपासते आणि चूक आढळल्यास प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते. अधिकाऱ्याच्या लेखनातील शब्दाशब्दावर बोट ठेवू नये, असे तेथील सर्वोच्च पीठाने १९९६ मध्ये बजावले. पण २००१ मध्ये संसदेने हे दारच लावून घेऊ पाहिले, तेव्हा त्याच पीठाने २००३ मध्ये सांगितले की अधिकारकक्षेबाहेरच्या निर्णयाला त्या कलमाचे कवच नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरीही आपल्या न्यायालयांनी वाट काढली. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित मानलेल्या एका इराणी माणसाला इराणला पाठवू दिले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमांच्या खटल्यात अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयांनाही दिले. २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयापर्यंत जाऊ दिले.

त्याच वर्षी ८ एप्रिलला रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय कोणाला परत पाठवू नये. वाक्य निर्दोष दिसते. पण ही कार्यपद्धती कोणती? हा माणूस तुमचाच ना, असे त्याच्या मूळ देशाच्या सरकारला विचारून खात्री करणे हा तिचा गाभा. ज्याच्या भीतीने पळाला, त्यालाच साक्षीला बोलवायचे! त्या माणसाची भीती खरी की खोटी, हे कोणी ऐकून लिहून ठेवावे, अशी अट त्या आदेशात नाही. मग पुनर्विलोकन तरी कशाचे करायचे?

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या विदेशी कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यातही निर्वासित हा वेगळा वर्ग नाही. ज्यांना सूट मिळते, ती सरकारी आदेशाने. डार्लिंग समितीने निदान प्रत्येकाला समोर बसवून विचारले होते. नकार मिळाला तरी चालेल, पण तो कारणांसह लेखी मिळावा. एवढ्याने मेहेरबानीचा हक्क व्हायला सुरुवात होते.