लोकगीताचा पाठ आणि त्याचा अर्थ : जालना जिल्ह्यातील ओवी व गोरबोली गीत

लोकगीताच्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती अर्थाची नव्हे, पाठाची. गीत कानी पडलेले असते, चाल ओठांवर असते. परंतु शब्द शोधू जावे तर ते कोठे लिहिलेले नसतात. लिहिलेले सापडले तर गाइलेल्याशी जुळत नाहीत. भाषांतर हाती आलेच, तर ते नेमके कोणत्या पाठाचे, याचा उलगडा होत नाही. ही तक्रार एका भाषेची नाही. अमेरिकेत जाऊन वसलेल्या पोलिश कुटुंबांतील तिसऱ्या-चौथ्या पिढीला आजीच्या तोंडची गाणी येतात, पण त्यांतील कितीतरी शब्द तिला कळत नाहीत. पोल्का वाजविणाऱ्या तेथील वाद्यवृंदांतले गायकही पुष्कळदा पोलिश कडवे निव्वळ ध्वनी म्हणून पाठ करतात आणि पुढचे कडवे इंग्रजीत म्हणून श्रोत्यांची सोय करतात. (पोल्का हा नृत्यप्रकार, नावावरून वाटते तसा, पोलंडचा नाहीच. १८३० नंतरच्या बोहेमियात तो रूढ झाला. 'अर्धे' या अर्थाच्या चेक शब्दापासून त्याचे नाव आले असे काही म्हणतात. उलट पोलिश भाषेत 'पोल्का' म्हणजे पोलिश स्त्री.) १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तेव्हा महाराष्ट्राला हा समाज अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. येथे मात्र त्यांचा दाखला घ्यावयाचा तो वेगळ्या कारणासाठी. पाठ आणि अर्थ यांच्या शोधाचा एक उत्तम वस्तुपाठ पोलंडात घडला आहे, आणि जालना जिल्ह्यातील गीतांकडे वळण्यापूर्वी त्याच्याशी तुलना करून पाहणे उपयुक्त ठरते.

हा वस्तुपाठ ओस्कर कोल्बेर्ग (१८१४-१८९०) याचा. १८४२ मध्ये त्याने पोलिश लोकगीते प्रथम छापली ती पियानोच्या साथीसह, म्हणजे शहरी दिवाणखान्याला रुचतील अशी करून. पुढे त्याने ही वाट सोडली. १८५७ च्या संग्रहात त्याने चाल जशी ऐकली तशी, साथीवाचून दिली. एकाच गीताचे अनेक पाठ शेजारी शेजारी मांडले आणि ते कोणत्या भागातून मिळाले याची नोंद केली. कोणता पाठ 'शुद्ध', हा निवाडा त्याने वाचकावर लादला नाही. १८६५ पासून त्याने प्रदेशवार खंड काढावयास आरंभ केला. त्याच्या समग्र लेखनाचे प्रकाशन १९६१ मध्ये सुरू झाले व त्याचे खंड आता ऐंशीहून अधिक भरतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेही वर्ष १८५७ च होते. मराठीला त्या वर्षी शब्दांचा खजिना लाभला. गाइलेल्या शब्दाची नोंद मात्र दूरच राहिली.

वास्तविक ओवीची परंपरा या बाबतीत दुबळी नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. या उल्लेखाचा पुरावा ओवीच्या प्राचीनतेसाठी वारंवार दिला जातो. त्यातील दुसऱ्या अंगाकडे फारसे लक्ष जात नाही. सोमेश्वराने ओवी नोंदली ती 'गेय' म्हणून, आणि एका श्रमाशी जोडून. शब्द, गळा व काम ही तिन्ही त्याच्या नोंदीत एकत्र आहेत. मुद्रणाच्या युगात ती फुटली. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन' या संग्रहाने मराठी वाचकाला ओवीची गोडी लावली हे त्याचे ऋण मोठे आहे. तथापि तेथे ओव्या विषयवार लाविलेल्या आहेत, आणि प्रत्येक ओवी कोणी, कोठे, कोणत्या गळ्यावर म्हटली हे कळावयास मार्ग नाही. त्या संग्रहाचा हेतू भाषाशास्त्रीय नव्हता, म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तो नंतरच्या अभ्यासकांना: हेतू शास्त्रीय असतानाही त्यांनी तीच मांडणी पुढे चालविली.

हेमा राईरकर व गी प्वातवँ यांचे कार्य या पार्श्वभूमीवर फार वेगळे दिसते. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील संघटनेच्या कामातून १९८० नंतर सुरू झालेल्या त्यांच्या उपक्रमात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. प्रत्येकीसोबत गाणाऱ्या स्त्रीची व गावाची नोंद आहे. बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही भागाचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने तो संग्रह भाषांतरांसह वाचकांपुढे आणण्यास आरंभ केला. कोल्बेर्गच्या तोडीचे म्हणावे असे मराठीतील हे एक काम. तरीही अर्थानुसार केलेले वर्गीकरण हे त्याचे बळ तसेच मर्यादाही आहे. जात्यावर बसलेली स्त्री एक ओवी म्हणते, तिच्यातल्या एखाद्या शब्दाने तिला दुसरी सुचते, भावाकडून ती विठ्ठलाकडे जाते व विठ्ठलाकडून परत माहेरी येते. हा क्रम हाही पाठाचाच भाग होय. भाऊ एका सदरात आणि विठ्ठल दुसऱ्यात गेला की तो क्रम कागदावरून नाहीसा होतो. तो शोधावयाचा तर ध्वनिमुद्रणाकडेच परत जावे लागते.

आता जालना जिल्ह्याकडे. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेला हा जिल्हा भाषेच्या दृष्टीने एकजिनसी नाही. भोकरदन व जाफराबाद तालुक्यांच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो, आणि त्या सीमेवर वऱ्हाडीची छाया स्पष्ट आहे: 'मला-तुला' यांच्या जागी 'मले-तुले' येते, 'ळ' चा 'य' होतो. अंबड-घनसावंगीकडे बोली निराळी होत जाते. अशा ठिकाणी पाठ लिहून घेणे हेच अर्थ लावणे असते. 'माया' हा एकच ध्वनी घ्यावा. सीमेवरच्या बोलीत तो 'माझ्या' असू शकतो, 'माळा' असू शकतो, आणि सर्वत्र असणारी ममताही असू शकते. लिहून घेणारा प्रमाण मराठीत वाढलेला असेल तर तिसरा अर्थ त्याला आपोआप सुचतो, कारण तो सर्वांत काव्यमय दिसतो. मग त्या 'माये'चे रसग्रहण होते, त्याचे भाषांतर होते, आणि गाणाऱ्या बाईने फक्त 'माझ्या घरी' एवढेच म्हटले होते ही गोष्ट कायमची झाकली जाते.

येथे 'गावाची नोंद' पुरी पडत नाही, असेही म्हणावे लागते. कोल्बेर्गची प्रदेशवार मांडणी ओवीला जशीच्या तशी लागू होत नाही, कारण ओवी लग्नावाटे प्रवास करते. चिखलीकडची मुलगी जाफराबादेत नांदावयास येते तेव्हा तिच्या तोंडच्या ओव्या माहेरच्या बोलीत असतात. सासूबरोबर दळता दळता त्यांत सासरचे शब्द मिसळतात. एकाच ओवीत 'मला' आणि 'मले' दोन्ही आढळले तर ती नोंदणाराची चूक समजून एकसारखी करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ती त्या स्त्रीच्या आयुष्याची भाषिक नोंद आहे. म्हणून गावाबरोबर माहेरही नोंदणे अगत्याचे ठरते.

याच जातीची दुसरी दुरुस्ती छंदाच्या बाबतीत होते. ओवीत 'गावाच्या' ऐवजी 'गावायाच्या', 'घराच्या' ऐवजी 'घरायाच्या' अशी रूपे येतात. बोलताना तीच स्त्री असे म्हणत नाही. हा वाढीव अवयव गळ्याची मागणी पुरवितो. तो काढून शब्द 'शुद्ध' केला की ओळ लंगडी होते आणि चाल त्या शब्दांवर बसेनाशी होते. पुस्तकातील ओव्या म्हणून पाहताना त्या पुष्कळदा अडखळतात, त्याचे एक कारण हे. छापील पाठात गळून पडणारी 'गं बाई', 'सये' यांसारखी पालुपदे, तसेच ओळीच्या अर्ध्याची पुनरावृत्ती, यांचाही प्रकार असाच.

शब्दार्थाकडे आल्यावर भाषांतरकाराची खरी कसोटी लागते. ओवीतील 'राघू' हा पोपट नव्हे, मुलगा. 'मैना' ही मुलगी. 'ताईत' भाऊ वा मुलगा असू शकतो, 'कंथ' पती, 'शेजी' शेजारीण. पोलिश गीतांतही याश आणि काशा ही नावे अशीच पुनःपुन्हा येतात. ती कोण्या एका मुलाची वा मुलीची नसतात. इंग्रजीत 'पोपट' लिहिणारा चुकतो हे उघड आहे. पण केवळ 'मुलगा' लिहिणाराही पुरता बरोबर नाही, कारण उडून जाण्याची, परक्या झाडावर बसण्याची जी सूचना 'राघू' मध्ये आहे ती 'मुलगा' या शब्दाने येत नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'सारखा (१९३२-३८) कोश अशा वेळी पुष्कळ साहाय्य करतो, तरी ओवीचा स्वतःचा संदर्भकोश झाल्याखेरीज हे काम तडीस जाणार नाही.

येथवरचा प्रश्न एकाच भाषेच्या पोटातला आहे. जालना जिल्ह्यात मंठा, परतूर या बाजूंना बंजारा समाजाचे तांडे आहेत, आणि तेथे भाषांतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. गोरबोली (गोरमाटी, लमाणी) ही राजस्थानी वळणाची भाषा. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने तिची दखल १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली व खानदेशी यांच्यासमवेत घेतली. रोनल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण १९७० चे. स्वतंत्र लिपी नसल्यामुळे महाराष्ट्रात ही भाषा देवनागरीत लिहिली जाते, तांड्यावरची मुले मराठी शाळेत शिकतात, आणि गीतांचे संकलन झाले तर ते बहुधा 'गीत व खाली भावार्थ' या रीतीने होते. विद्यापीठीय प्रबंधांच्या परिशिष्टांत ही रीत नित्याची आहे.

घोटाळा येथेच होतो. देवनागरीत लिहिलेले गोरबोली गीत मराठी वाचकाला अर्धेअधिक कळल्यासारखे वाटते. 'रो-री' हे आपल्या 'चा-ची' सारखे आहेत, 'छ' म्हणजे 'आहे', एवढे समजले की उरलेले तो अंदाजाने लावतो. पण भाषा जितकी जवळची तितका अंदाज फसवा. 'वात' म्हणजे गोष्ट, बोलणे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे निरांजनातली वात येते, आणि लोकगीत असल्यामुळे ती शोभूनही दिसते. 'वीरा' म्हणजे भाऊ. भावार्थात तो 'शूर पुरुष' होऊन बसतो. आणि 'याडी' म्हणजे आई. जालन्याच्या खेड्यात 'याडी' म्हणजे वेडी. तांड्यावरची मुलगी शाळेत आईला हाक मारण्याचा शब्द उच्चारते तेव्हा वर्गात हशा पिकण्यास याहून अधिक काही लागत नाही. गीतातील हा शब्द ती उद्या 'आई' असा बदलून सांगू लागली तर तो दोष तिचा नव्हे. पण संकलनकाराने तो बदललेला पाठ मूळ म्हणून छापला, तर तो त्याचा.

भावार्थाच्या रीतीवर मुख्य आक्षेप असा की, पुढचे भाषांतर तिच्यावरूनच होते. इंग्रजीत वा हिंदीत करणाराला गोरबोली येत नसेल, तर तो मराठी भावार्थ हाच पाठ धरतो. मग त्याने केलेले ते गीताचे नव्हे, एका मराठी परिच्छेदाचे भाषांतर असते. यावर उपाय जुनाच आहे: गाइलेला पाठ, त्याखाली पदशः अर्थ, आणि मग भाषांतर. हे तिन्ही गाणाऱ्या स्त्रीला वाचून दाखवून तिच्याकडून तपासून घेणे हा त्याचाच भाग. वेळ लागतो खरा. पण शंभर भावार्थांपेक्षा अशी दहा गीते अभ्यासाला अधिक उपयोगी पडतील.

होळीतील लेंगी गीतांच्या बाबतीत हे तुलनेने सोपे आहे. ती समूहाने, फेर धरून गातात. शब्द पुनःपुन्हा ऐकू येतात आणि शंका विचारता येते. तीजेच्या गीतांनाही वर्षाचा ठरलेला प्रसंग आहे. ढावलोचे तसे नाही. लग्न होऊन निघालेली मुलगी आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून ते गाते. वडीलधाऱ्या स्त्रियांनी ते तिला आधी शिकविलेले असते, आणि तरी त्या घडीला ते शिकविलेले उरत नाही. शब्द हुंदक्यात मोडतात, स्वर लांबतो, मधले अक्षर गिळले जाते, 'याडी' हा शब्द नुसता आकार होऊन राहतो. अशा गीताचा पाठ प्रसंगी घेता येत नाही. आणि प्रसंगाबाहेर, अंगणात बसवून, एखाद्या वृद्धेकडून घेतला तर शब्द पूर्ण मिळतात पण मोडणे मिळत नाही. दोन्ही पाठ घ्यावे लागतील, दोन्ही स्वतंत्र मानावे लागतील, आणि भाषांतर कोणत्याचे केले हे वर लिहावे लागेल. जेथे शब्द मोडला आहे तेथे भाषांतरानेही तो जोडू नये; त्या जागी गोरबोलीतले 'याडी' तसेच ठेवून त्याचा अर्थ खाली द्यावा.