थोरातांची कमळा आणि येसूबाई

भालजी पेंढारकर यांच्या ‘थोरातांची कमळा’ (१९४१) या चित्रपटाने संभाजीराजांच्या प्रणयाची दंतकथा पडद्यावर आणिली. अशा कथेत राणी येसूबाईंच्या वाट्यास उपेक्षितेचे स्थान येणे अटळ होय. वा. सी. बेंद्रे यांच्या संभाजीचरित्राने (१९६०) ही राजप्रतिमा पालटू लागली. इतिहासाची साक्ष निराळी आहे. राजांनी येसूबाईंस कुलमुखत्यारी दिली होती. ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही त्यांची मुद्रा. मुद्रेवरून दांपत्यसुख सिद्ध होत नाही, हे मान्य. विश्वास मात्र निःसंशय सिद्ध होतो. १६८९ मध्ये राजांचा वध झाला, रायगड पडला, आणि येसूबाई १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत राहिल्या. चित्रपटकारास शोकांतिकाच हवी असेल, तर ती येथे आहे. तीसाठी दंतकथेतील प्रेयसीची आवश्यकता नाही.