खवले मांजराच्या पोटातील मुंग्या

सोळाव्या शतकातील चिनी वैद्य ली शिझेन याने एकदा खवले मांजराचे पोट फाडून पाहिले. त्याच्या सुमारे हजार वर्षे आधी ताओ होंगजिंग या वैद्याने लिहून ठेवले होते, की हा प्राणी खवले उघडून मेल्यासारखा पडून राहतो, त्यात मुंग्या शिरल्या की खवले मिटून पाण्यात उतरतो आणि वर तरंगणाऱ्या मुंग्या खातो. ली शिझेनला जठरात मापभर मुंग्या सापडल्या आणि त्याने तशी नोंद केली. या निरीक्षणाने प्राणी मुंग्या खातो एवढेच सिद्ध झाले, पाण्यात उतरण्याची कथा नव्हे. तरीही जुन्या ग्रंथातील विधान प्रत्यक्ष पाहून पडताळावे, असे त्याला वाटले याचे आम्हाला कौतुक वाटते. १५९६ साली छापल्या गेलेल्या त्याच्या ‘बेन्साओ गांगमू’ या ग्रंथात १८९२ औषधी पदार्थांची माहिती आहे.

पण याच ग्रंथात खवल्यांच्या औषधी गुणांची जी माहिती आहे, तिची पडताळणी कशी करणार होता तो? चिनी भाषेत या प्राण्याच्या नावाचा अर्थच ‘डोंगर पोखरणारे चिलखत’ असा होतो. जो डोंगर पोखरतो त्याचे खवले शरीरातील अडथळेही पोखरतील, असे अनुमान त्यातून निघाले. म्हणून बाळंतिणीला दूध येत नसेल, गळू पिकत नसेल, रक्त ‘साकळले’ असेल, तर गरम वाळूत भाजलेल्या खवल्यांची पूड द्यायची. मुंग्यांच्या बाबतीत आधी पाहिले आणि मग लिहिले. येथे मात्र उपमेलाच पुरावा मानले. खवले केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, म्हणजे ज्या द्रव्याची आपली नखे आणि केस बनतात त्याचेच. केस व नखाचा तुकडा जाळून वर्गात वास घेऊन पाहावा. दोन्हींचा वास सारखाच येतो, कारण त्यातील गंधकयुक्त प्रथिन एकाच जातीचे आहे. नखांची पूड खाऊन दूध येत असते, तर कोणाला डोंगरात जावे लागले नसते.

मांसाची गोष्ट आणखी विचित्र आहे. खवले मांजराचे मांस पौष्टिक म्हणून दक्षिण चीनमध्ये मोठी किंमत देऊन खाल्ले जाई. परंतु सातव्या शतकातील सुन सिमियाव या थोर वैद्याने, पोटात दबलेले विकार त्यामुळे उसळतात म्हणून, ते खाऊ नये असे बजावले होते. ली शिझेननेही ते खाल्ल्याने जुनाट अतिसार आणि ताप होतो, असा इशारा दिला आहे. म्हणजे परंपरेचा आधार सांगणाऱ्यांनी परंपरेतील सोयीचे पान तेवढे वाचले. ‘हजारो वर्षांचा अनुभव’ असे कोणी म्हटले, की कोणत्या वर्षाचा आणि कोणाचा, हे विचारावे.

इतर वन्य मांसाकडे वळू. ज्याप्रमाणे आपल्या घरांत अमुक उष्ण पडते, तमुक थंड असते असे म्हणतात, तसाच विचार चिनी वैद्यकातही आहे. थंडीत अंगात ऊब यावी म्हणून ग्वांगडोंग प्रांतात सापाचे सूप आणि उदमांजराचे मांस खाण्याची चाल होती. उलट, डोळे लाल झाले तर ‘थंड’ म्हणून बेडकाच्या कच्च्या मांसाचे पोटीस डोळ्यावर बांधले जाई. आता बेडूक आणि साप यांच्या मांसात स्पायरोमेट्रा नावाच्या पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. ओल्या मांसातून अळी डोळ्याच्या ऊतींत शिरते आणि तेथेच वाढू लागते. स्पार्गॅनोसिस म्हणतात तो हाच विकार. चीन आणि व्हिएतनाममधील रुग्णांत या पोटिसाचा उल्लेख वारंवार आढळतो. उपाय करायला जावे आणि त्यातूनच डोळा गमावण्याची वेळ यावी, यापेक्षा दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

उदमांजराचा धडा तर साऱ्या जगाला मिळाला. नोव्हेंबर २००२ मध्ये ग्वांगडोंगमध्ये सार्सची साथ सुरू झाली, तिच्यात ७७४ माणसे दगावली. मे २००३ मध्ये शेनझेनच्या बाजारातील उदमांजरांत याच जातीचा विषाणू सापडला. मूळ साठा वटवाघळांत आहे हे २००५ मध्ये उमगले. वटवाघळातील विषाणू माणसापर्यंत पोचायला जिवंत प्राणी दाटीने ठेवलेला बाजार पुरेसा होता.

२४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनने भूचर वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली. पण औषधासाठी त्यांचा वापर परवान्याने करता येईल, ही वाट मोकळी ठेवली. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. ताटातला प्राणी धोक्याचा, आणि तोच वैद्याच्या कागदावर आला की बिनधोक, असे विषाणू मानत नाही. त्याच वर्षीच्या औषधकोशातून खवल्यांची स्वतंत्र नोंद गेली, तरी काही तयार औषधांच्या कृतींत ती राहिली. आणि मार्च २०२० मध्ये कोविडच्या उपचारांत ज्या इंजेक्शनची शिफारस झाली, त्यात अस्वलाचे पित्त होते.

पित्ताच्या बाबतीत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. अस्वलाच्या पित्तात अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल खरोखरच असते आणि यकृताच्या काही विकारांत ते उपयोगी पडते. परंतु हे आम्ल अनेक दशकांपासून कारखान्यात तयार होते. त्याच्या गोळ्या आपल्याकडेही औषधाच्या दुकानात मिळतात. तेवढ्यासाठी अस्वलाला पिंजऱ्यात कोंडून त्याचे पित्त काढण्याचे कारण उरलेले नाही.

जुना ग्रंथ कसा वाचावा हे तू योयो या चिनी संशोधिकेने दाखवून दिले. हिवतापावर एका वनस्पतीचा रस पिळून प्यावा, असे चौथ्या शतकातील गे होंगच्या ग्रंथात तिला आढळले. उष्णतेने द्रव्य बिघडत असावे असे तिने ताडले, ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला, तो उंदरांवर व माकडांवर तपासला, आणि १९७२ मध्ये आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही. ग्रंथाने वाट सुचवली, पण खरेखोटे प्रयोगानेच ठरले. खवल्यांना ही कसोटी लावली, तर हाती केरॅटिनच उरते.

आपण चीनकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. घोरपडीचे तेल विकणारे आपल्या बाजारांतही बसत. खवले मांजर तर आपल्या कोकणातही आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असूनही त्याची शिकार होते आणि खवले सीमेपलीकडे जातात. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला आठवड्याभरात पकडलेले २५ टनांहून अधिक खवले आफ्रिकेतून आले होते. त्यासाठी सुमारे ३८,००० प्राणी मारले गेले असावेत, असा अंदाज होता. खवले मांजराच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते.