डोईवरचं पाणी

शांपू सोडा, केस आठवड्यातून एकदाच धुवा, जमलं तर पंधरा दिवसांनी धुवा, असा सल्ला हल्ली पुरवण्यांतून, लग्नाघरातून, हळदीकुंकवातून सारखा कानावर येतो. सल्ला वाईट नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या मागोमाग हमखास येणाऱ्या वाक्याबद्दल. ते असं : आपल्या आज्या-पणज्या कुठं शांपू लावत होत्या? तरी केस बघा, गुडघ्यापर्यंत!

आज्या कमी न्हायच्या हे खरंच. पण त्या कमी का न्हायच्या, हे कोणी विचारत नाही. हळ्ळी म्हणजे कानडीत गाव आणि खेड म्हणजे मराठीत गाव. नावातच दोन गावं असलेल्या आमच्या हळ्ळीखेडात उन्हाळ्याचं पाणी मात्र एका गावालाही पुरायचं नाही. आडाचं पाणी शेंदायचं, आम्हा जैनांच्या घरी ते दुहेरी कापडातून गाळायचं, गाळण्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा जपून आडातच सोडायची, मग हंडा डोक्यावर घेऊन घरी यायचं. लांब केस नीट धुवायला असे दोन-तीन हंडे लागतात. ते तापवायला जळण. शिकेकाई वाळवा, कुटा, चाळा, उकळा, आणि पाठीमागून पाणी घालायला दुसरं कोणीतरी शोधा. एवढं सगळं रोज कोण करणार? आठवड्यातून एकदा न्हाणं हे आजीचं सौंदर्यशास्त्र नव्हतं, तो तिच्या पाठीचा आणि आडाच्या तळाचा हिशेब होता.

2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात लातूरच्या बायांनी डोईवरून पाणी किती दिवसांनी घेतलं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. त्याला नैसर्गिक केशसंगोपन म्हणायला तेव्हा कोणी पुढं आलं नाही.

शिवाय आजी कमी न्हायची हे अर्धंच खरं. काही दिवशी तिला न्हावंच लागायचं. थंडी असो, ताप असो, पाणी असो-नसो, बाहेर बसण्याचे दिवस संपले की डोईवरून पाणी घेतल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही आणि बस्तीची पायरी चढायची नाही. मुलगी वयात आली की तिला ‘न्हाण आलं’ म्हणणारी आपली भाषा आहे. पुरुष अंघोळ करतो आणि बाई न्हाते, या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर आहे ते बघा. त्यात पुन्हा वारांचे नियम. अमक्या वारी न्हायचं नाही, भावाला बाधतं. तमक्या वारी नाही, नवऱ्याला बाधतं. म्हणजे मनात असेल तेव्हा मनाई आणि मनात नसेल तेव्हा सक्ती. पुरवणीतल्या आजीच्या फोटोत हे दिसत नाही, फक्त अंबाडा दिसतो.

म्हणून शांपूच्या पुडीला नुसती नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. 1983 साली तमिळनाडूतल्या कडलूरकडे सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शांपूचा धंदा सुरू केला. अशा छोट्या पुड्यांमुळंच शांपू बाटली न परवडणाऱ्या घरांत पोचला. पुढं तर पन्नास पैशाला पुडी मिळू लागली. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शिकेकाईच्या पक्क्या अभिमानी. पण एकदा उन्हात केस वाळवताना म्हणाल्या, “पुडी आली न् माझी दुपार वाचली बघ.” त्या दुपारी त्यांनी काय केलं असेल कोण जाणे. झोपल्या असतील. झोपू द्या की!

पुडीचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. आमच्या नाल्या त्याच पुड्यांनी तुंबतात, आणि थरांच्या त्या प्लास्टिकचं पुन्हा काही करता येत नाही. जाहिरातीचा कावा तर जुनाच आहे : आधी कोंड्याची लाज निर्माण करायची, मग तिच्यावर औषध विकायचं. शांपू हा शब्दसुद्धा आपल्याच ‘चांपणे’वरून, चंपीवरून गेला. पाटण्याच्या साके दीन महोमेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला मालिश आणि वाफेच्या स्नानाचं दुकान थाटलं, तेव्हा शांपू म्हणजे अंग चोळणं होतं. आपण तेलाची चंपी पाठवली, तिकडून फेस परत आला.

तर मग शांपू सोडून काय लावायचं? सांगणारे सांगतात, अंडं लावा, मध लावा, बिअरनं केस धुवा. जैन घरात यातलं काय शिरणार? मळखेडच्या राष्ट्रकूट राजांच्या काळात उग्रादित्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, त्यात मांस, मद्य, मध तिन्ही टाळून औषधं सांगितली. मळखेड आमच्यापासून काही फार लांब नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी एका वैद्यानं औषधात जे टाळलं ते मी चमकदार केसांसाठी डोक्यावर थापू काय? खाण्याचा सोडा लावा म्हणणारे वेगळेच. सोडा अल्कली, केसाला मानवतं किंचित आंबट. सोड्यानं केस फुगतात, राठ होतात, तुटतात.

आणि रिठा-शिकेकाई म्हणजे काही ‘काहीच न लावणं’ नव्हे. त्यांचा फेस सॅपोनिनमुळं होतो, मळ-तेल निघतं ते त्यामुळंच. म्हणजे तो झाडावरचा साबण. हेच सॅपोनिन पाण्यातल्या माशांना मारक ठरतं. झाडाचं आहे म्हणजे अहिंसक आहे, असं समजणाऱ्या आमच्या मंडळींनी रिठ्याचं पाणी कुठं ओततो ते जरा बघावं. कारखान्याच्या मालाबद्दल निदान एवढं झालं, की 2014 पासून आपल्या देशात प्रसाधनं प्राण्यांवर तपासायला बंदी आली.

आता आमच्या लोकांचा आवडता मुद्दा. “आपले मुनिमहाराज तर स्नानच करत नाहीत, त्यांचं काय बिघडलं?” हे ऐकलं की मला राहवत नाही. ‘मूलाचारा’त मुनींचे अठ्ठावीस मूलगुण सांगितलेत, त्यात केशलोच आणि अस्नान दोन्ही आहेत. लोच दोन महिन्यांनी केला तर उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी शेवटची मुदत. त्या दिवशी उपवास. हाताला राख लावून आपल्याच हातानं केस उपटायचे. वस्तरा कुणाकडं मागायचा नाही, केसांत उवा होऊन त्या मारायची वेळ येऊ द्यायची नाही, आणि देहाची शोभा सोडायची. आर्यिकामाताजीही हेच करतात. यात केस सुंदर होण्याची अपेक्षा कुठं आहे? शांपू सोडून केस दुप्पट दाट व्हावेत म्हणणारीनं काही सोडलेलं नाही, तिनं दुकान बदललं. खुशाल बदलावं, पण त्याला मुनिव्रताचा मुलामा देऊ नये.

मुनींचा लोच आणि विधवेचं केशवपन, दोन्हीत डोकं सारखंच उघडं पडतं. पण लोच करणारा हात स्वतःचा असतो. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, तो दुसऱ्याच्या हातानं होणाऱ्या गोष्टीला. केसांबद्दलचा कोणताही नियम मी याच एका कसोटीला लावून बघते, मग तो नियम ग्रंथातला असो, सासूचा असो, नाहीतर टीव्हीवरच्या बाईचा असो.

बाकी किती दिवसांनी धुवावे याला एक उत्तर नाहीच. माझे केस पिकून कोरडे झालेत, मला आठवडा सहज चालतो. मुलीची डोई तेलकट, तिनं चार दिवस ठेवलं की कोंडा धरतो. कोंड्याचा संबंध असलेली एक बुरशी डोक्यातल्या तेलावरच जगते. वरून तेल थापून न धुता बसलं तर तिची चैन. मुलीनं फोनवर विचारलं, “आई, मी पण पंधरा दिवस न्हाऊ नको का?” मी म्हटलं, “अगं, खाजतंय तर धू की. मला काय विचारतेस?”

ती तिकडं शहरात आहे, तिचं निभतं. इथं मात्र मधल्याच एखाद्या वारी ओले केस घेऊन दारात उभं राहिलं, की समोरची शेजारीण अजूनही हळूच विचारते, “आज गं कशी न्हालीस?” प्रश्न केसांचा नसतो. मागच्या वेळेपासून किती दिवस झाले ते ती मनात मोजत असते, आणि सून नवी असेल तर संध्याकाळपर्यंत तो हिशेब चार घरं फिरून येतो. आमच्या गल्लीतल्या दोन सुना त्यापायी केस दारात वाळवतच नाहीत. आतल्या खोलीत, पंख्याखाली, दार लावून वाळवतात.